पैसे टॉपमध्ये घाला, पिकअपमध्ये नको

पत्र : मी चिपळूणला राहते, वय ३८. आठ महिन्यांपासून क्लासिकल गिटार शिकते आहे. आतापर्यंत भाचीची गिटार वापरली, ती आता परत द्यायची आहे. बजेट ३० हजार. मुंबईत एका दुकानात दोन पाहिल्या. पहिली कटअवेवाली (नेकजवळचा एक कोपरा कापलेली), पिकअप (आवाज स्पीकरला पोचवणारं यंत्र) आणि ट्यूनर बसवलेली, वर ‘सीडर टॉप’ लिहिलेलं, नेक (दांडी) अरुंद, २८ हजार. दुसरी साधी, ‘सॉलिड स्प्रूस टॉप’, २६ हजार. दुकानदार म्हणाले, तुमचा हात लहान आहे, अरुंद नेकचीच घ्या. तिसरी एका ओळखीच्यांची आहे, पंधरा वर्षं जुनी, शिसवीची, १८ हजारांत देतायत. तिचा आवाज फार गोड वाटला, पण तारा उंच आहेत आणि ब्रिजमागे (तारा बांधतात त्या पट्टीमागे) टॉप किंचित फुगलाय. कुठली घेऊ? आणि आमच्याकडच्या पावसात गिटार टिकते का?

उत्तर : पहिली घेऊ नका. दुसरी घ्या, पण खाली दिलेल्या तपासण्यांत ती उतरली तरच. तिसरीचा आवाज गोड असेलही, तरी तुमच्या वर्णनावरून ती सोडावी लागेल असं दिसतं. का, ते ओघात येईलच.

आधी टॉपचं, म्हणजे पुढच्या फळीचं, बघू, कारण गिटारचा आवाज म्हणजे मुख्यतः तिचा टॉप. तानपुऱ्यात जे काम तबली करते, तेच इथे ही पुढची फळी करते. जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर जाडीची ही फळी सहा तारांचा मिळून साधारण ४० किलोंचा ताण सोसते आणि तरीही मोकळेपणाने थरथरते. ती ताणाने बसू नये म्हणून आतून पंख्याच्या काड्यांसारख्या बारीक पट्ट्या चिकटवलेल्या असतात. ही रचना १९व्या शतकात स्पेनमधल्या अल्मेरियाच्या अंतोनिओ दे तोरेस यांनी पक्की केली, आणि आजही बहुतेक क्लासिकल गिटारी तिच्यावरच चालतात. टॉप किती महत्त्वाचा हे दाखवायला तोरेस यांनी १८६२ मध्ये एक गिटार अशी बनवली की टॉप उत्तम लाकडाचा आणि पाठ व बाजू कागदाच्या लगद्याच्या. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

म्हणून ‘सॉलिड’ या एका शब्दासाठी पैसे मोजावेत. सॉलिड म्हणजे अखंड लाकूड, मधोमध जोडलेल्या दोन फळ्यांचं. लॅमिनेट म्हणजे पातळ थर आडवे-उभे चिकटवलेला प्लाय. प्लाय मजबूत असतो, पण आडव्या थरामुळे तो कंपनाला अडतो. आवाज आखूड येतो आणि दहा वर्षं वाजवली तरी तसाच राहतो. सॉलिड टॉप वाजवता वाजवता खुलतो. लेबलवर नुसतं ‘स्प्रूस टॉप’ किंवा ‘सीडर टॉप’ असेल आणि ‘सॉलिड’ नसेल, तर तो लॅमिनेट आहे असंच धरून चाला. तुमच्या पहिल्या गिटारचं नेमकं हेच आहे. खात्री करायची तर साउंडहोलच्या, म्हणजे टॉपवरच्या गोल भोकाच्या, कडेवर मोबाइलचा टॉर्च मारा. वरच्या अंगावरच्या उभ्या रेषा कडेच्या जाडीतून सरळ खाली उतरताना दिसल्या तर सॉलिड. मध्ये वेगळ्या रंगाचा थर दिसला तर प्लाय. कड रंगवून किंवा पट्टी लावून झाकलेली असेल, तर मॉडेल नंबर लिहून घ्या आणि कंपनीच्या साइटवर बघा. उदाहरणार्थ, नवशिक्यांत खूप चालणाऱ्या यामाहा सी ४० चा टॉप लॅमिनेट आहे. त्याच कंपनीच्या सीजी १२२ एमएसला सॉलिड स्प्रूस आणि एमसीला सॉलिड सीडर येतो. हाच फरक किमतीत दिसतो, आणि तो देण्यासारखा आहे.

स्प्रूस की सीडर यावर मात्र डोकं शिणवू नका. सीडर पहिल्या दिवसापासून ऊबदार आणि चटकन बोलतो, हलक्या हातालाही उत्तर देतो. स्प्रूस अधिक स्वच्छ, तारा सुट्या ऐकू येतात, आणि तो खुलायला काही वर्षं घेतो. सीडर मऊ असतो, नखाने सहज ओरखडा पडतो. दोन्ही चालतील, कानाला आवडेल तो घ्या. एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. काही दुकानांत सीडरला ‘देवदार’ म्हणतात. आपला हिमालयातला देवदार वेगळा. गिटारच्या टॉपचा सीडर हा उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा निराळाच वृक्ष. आणि नेकसाठी वापरतात ते ‘सेड्रो’ हे तिसरंच. गंमत म्हणजे हे सेड्रो आपल्या सतार-तानपुऱ्यांच्या तून लाकडाचं जवळचं भावंड आहे, इतकं की जुन्या वनस्पतिशास्त्रात दोघांना एकाच वंशात घालत.

पाठ आणि बाजू लॅमिनेट असल्या तर या किमतीत त्यात काही कमीपणा नाही. उलट कोकणात त्या चिरत नाहीत, हा फायदाच. शिसवीचं कौतुक रास्त आहे. ब्राझीलच्या शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ पासून जवळजवळ बंदी आहे, आणि जगभरच्या उत्तम गिटारींच्या पाठीला त्याच्याही आधीपासून दक्षिण भारतातली शिसव लागते आहे. पण स्वस्त गिटारवरची ‘शिसव’ बहुतेकदा प्लायवरचा कागदासारखा पातळ थर असतो. तिच्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

आता तुमचा हात. दुकानदारांनी दिलेला सल्ला ऐकायला पटतो, पण उलटा आहे. क्लासिकल गिटारचा नट, म्हणजे नेकच्या डोक्याकडची तारांच्या खाचांची पट्टी, ५२ मिमी रुंद असतो. तो ४८ केला की तारा एकमेकींजवळ येतात, आणि डाव्या हाताचं बोट एक तार दाबताना शेजारच्या तारेला टेकून ती मुकी करतं. उजव्या हाताच्या बोटांनाही दोन तारांमध्ये शिरायला जागा उरत नाही. लहान हाताला खरा त्रास रुंदीचा नसतो, लांबीचा असतो. पहिल्या बोटाने पहिला फ्रेट (नेकवरची धातूची आडवी पट्टी) आणि करंगळीने चौथा धरायचा, त्यात ताण येतो.

लांबी म्हणजे नटपासून सॅडलपर्यंत (ब्रिजवरच्या, तारा टेकतात त्या पट्टीपर्यंत) तारेचा वाजणारा भाग. प्रमाण लांबी ६५० मिमी. तिच्यावर पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंत ९७.६ मिमी अंतर पडतं. ६४० वर ते ९६.१ होतं, ६३० वर ९४.६. तीन मिलिमीटर कागदावर काहीच वाटत नाहीत, पण करंगळीला ते पहिल्याच दिवशी कळतात. शिवाय त्याच तारा त्याच सुराला लावल्या तर ६४० वर ताण सुमारे तीन टक्के कमी लागतो, दाबायला हलकं जातं. मोजायची पद्धत अशी : नटच्या आतल्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंत मोजा आणि दुप्पट करा. ३२५ आलं तर ६५०. थेट सॅडलपर्यंत मोजू नका, सुरासाठी तिथे एक-दोन मिलिमीटर वाढवून दिलेले असतात. जुन्या स्पॅनिश गिटारींपैकी काहींची लांबी ६६४ असते, मैफिलीत आवाज मोठा यावा म्हणून. अशी हातात आली तर नम्रपणे परत करा.

तुम्हाला ६५० जमेल की ६४० शोधायला हवी, हे आजच घरी कळू शकतं. भाचीच्या गिटारवर पहिल्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, म्हणजे लांबी ६१३ च्या आसपास येते. आता तुम्हाला जड जाणारा धडा वाजवा. कॅपोने एकदम सुटका झाली तर ६४० किंवा ६३० ची चौकशी करा, मागवावी लागली तरी चालेल. फारसा फरक पडला नाही तर दोष बसण्यात आहे. डावा पाय १२ ते १५ सेंटीमीटर उंच स्टुलावर ठेवा, गिटारचं डोकं डोळ्यांच्या पातळीला येऊ द्या आणि अंगठा नेकच्या मागे मध्यावर ठेवा, वरून डोकावू देऊ नका. लहान हाताच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. ५८० मिमीची तीन-चतुर्थांश गिटार मात्र मोठ्या माणसाने घेऊ नये. ती मुलांसाठी आहे, तिचे खर्ज फुसके निघतात.

आता दुकानात काय तपासायचं. हा भाग शांतपणे करा, अर्धा तास लागला तरी लाजू नका. आधी गिटार सुरात लावून घ्या, सैल तारांवर काहीच कळत नाही.

तारांची उंची, म्हणजे अ‍ॅक्शन, मोजायला पट्टी नसेल तर बँकेची सपाट कार्डं वापरा. एक कार्ड ०.७६ मिमी जाड असतं, उठावाचे आकडे असलेलं घेऊ नका. बाराव्या फ्रेटच्या धातूवर कार्डं रचून सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड, तारेखाली सरकवा. पाच कार्डं जेमतेम जात असतील तर उंची ३.८ आहे, म्हणजे उत्तम. पहिल्या तारेखाली चार कार्डं, ३ मिमी. यापेक्षा थोडी जास्त असेल तर घाबरू नका, नवी गिटार बहुधा उंचच येते आणि सॅडल घासून ती उतरवता येते. पण हिशेब लक्षात ठेवा. बाराव्या फ्रेटवर जेवढं कमी करायचं, त्याच्या दुप्पट सॅडल घासावं लागतं. ४.५ वरून ३.८ वर यायचं म्हणजे सॅडल १.४ मिमीने उतरणार. आणि घासल्यानंतर ब्रिजच्या वर किमान २ मिमी सॅडल शिल्लक राहायला हवं. नाहीतर तारांचा कोन मोडतो, दाब कमी पडतो आणि आवाज पडतो.

म्हणून उंचीबरोबर सॅडल किती वर आलंय तेही बघा. अ‍ॅक्शन उंच आणि सॅडलही उंच, तर काम सोपं. अ‍ॅक्शन उंच आणि सॅडल आधीच बसकं, तर नेकचा कोनच चुकलाय किंवा टॉप फुगलाय. ती गिटार कितीही गोड वाजो, घेऊ नका. स्पॅनिश पद्धतीच्या गिटारमध्ये नेक बॉडीच्या बाजूंसकट बांधलेला असतो, तो काढून पुन्हा बसवणं हे गिटारच्या किमतीपेक्षा महाग पडतं.

तुमच्या तिसऱ्या गिटारवर संशय आहे तो याच कारणाने. ब्रिजमागे किंचित फुगवटा असणं स्वाभाविक आहे, तारांच्या ओढीने तो येतोच. पण त्याच्या जोडीला ब्रिज आणि साउंडहोलच्या मध्ये टॉप खोलगट झाला असेल, तर आतल्या पट्ट्या सुटल्या असण्याची शक्यता मोठी. बोटाच्या सांध्याने टॉपवर जागोजागी हलकेच टिचक्या मारा. कुठे खडखड आली तर पट्टी सैल आहे. ब्रिजच्या मागच्या कडेखाली साधा कागद सरकवून बघा, तो आत गेला तर ब्रिज उचलला जातोय. नटच्या खाचा अगदी बारीक आणि खोल असतील, तर कधीतरी तिला नायलॉनऐवजी स्टीलच्या तारा लावल्या होत्या असं समजा. आपल्याकडे हा घात सर्रास होतो. स्टीलच्या तारांचा मिळून ताण ७० किलोंच्या वर जातो, आणि ही बॉडी ४० साठी बनलेली असते. या चारही गोष्टींत ती निर्दोष निघाली आणि सॅडल वर शिल्लक असेल, तर मात्र १८ हजारांत शिसवीची जुनी गिटार हा भाग्याचा सौदा आहे. तसं निघालं तर माझं आधीचं मत खुशाल बाजूला ठेवा.

नेक सरळ आहे का ते असं बघा : सहावी तार पहिल्या आणि बाराव्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा, आणि सहाव्या-सातव्या फ्रेटवर तार व धातूमध्ये किती फट आहे ते पाहा. एखाद-दोन कागदांची हवी. मुळीच नसेल तर तारा खरखरतील, कार्डाएवढी असेल तर नेक वाकलाय. काही गिटारींच्या नेकमध्ये ट्रस रॉड, म्हणजे धातूची कांब, असतो, त्याने हा वाक दुरुस्त होतो. कोकणासारख्या हवेत तो असला तर चांगलंच, पण पारंपरिक क्लासिकलमध्ये नसतो आणि नसणं हा दोष नाही. ट्रस रॉडने तारांची उंची उतरवू असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, त्याचं काम ते नव्हे.

नटसाठी प्रत्येक तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटवर बघा. तार धातूला जवळजवळ टेकलेली, केसभर फट. फट मोठी असेल तर बार धरताना (एका बोटाने अनेक तारा एकदम दाबताना) बोटं दुखतात आणि पहिल्या फ्रेटचे सूर चढे लागतात. हे दुरुस्त होतं, दुकानातच करून मागा.

मग प्रत्येक तारेवर बाराव्या फ्रेटपर्यंत एकेक सूर सावकाश वाजवा. तानपुऱ्यात जवारी हवी असते, इथे खरखर नको. पहिल्या तारेवर पाचव्या ते बाराव्या फ्रेटवर सूर टिकतोय का, की ठोकळ्यासारखा विझतोय, हे कान देऊन ऐका. स्वस्त गिटार इथेच उघडी पडते. सहाव्या तारेवर दुसऱ्या ते चौथ्या फ्रेटमध्ये एखादा सूर बाकीच्यांपेक्षा फुगून येईल. पोकळीतल्या हवेचा स्वतःचा सूर तिथे पडतो म्हणून, त्यात बिघाड नाही. शेवटी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर मोबाइलच्या ट्यूनरवर ताडून बघा. पाच सेंटपर्यंतचा (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) फरक चालतो. तिसरी तार बहुधा चढी लागते, कारण साध्या नायलॉनच्या तारांत ती सर्वांत जाड. फक्त तीच चुकत असेल तर कार्बनची तिसरी तार लावून बघा, ती बारीक असते आणि सुरात बसते.

खुंट्यांची काळजी नको. कडक असल्या तरी बदलता येतात, फक्त दोन खुंट्यांमधलं अंतर ३५ मिमी आहे एवढं बघा, म्हणजे कुठलाही प्रमाण संच बसेल.

कटअवेचा उपयोग बाराव्या फ्रेटच्या पुढे. तुमच्या पहिल्या काही वर्षांचे धडे त्याच्या आतच संपतात, आणि त्या कापलेल्या कोपऱ्याचे पैसे मात्र आज जातात. पिकअपसाठी बाजूला भोक पाडून डबा बसवतात आणि सॅडलखाली पट्टी घालतात. मग सॅडल घासणं नाजूक होतं, कारण तळ किंचित जरी वाकडा झाला तरी एखादी तार स्पीकरमध्ये ऐकूच येत नाही. कार्यक्रमात वाजवायची वेळ आली तर समोर माइक ठेवा, तो आवाज जास्त खरा असतो. इंटरनेटवर लॅटिस ब्रेसिंग आणि डबल टॉपबद्दल वाचाल. पहिली रचना ऑस्ट्रेलियाच्या ग्रेग स्मॉलमन यांची, बाल्सा आणि कार्बन फायबरच्या जाळीची. दुसरी जर्मनीत रुजली, दोन पातळ फळ्यांमध्ये मधाच्या पोळ्यासारखा थर. दोन्ही मोठ्या सभागृहासाठी, दोन्ही तुमच्या बजेटच्या कितीतरी वर.

आता पाऊस. गिटार टिकते, पण तिला उघड्यावर ठेवू नका. लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, आणि चिपळूणला जुलैत ती ९० च्या घरात असते. टॉप ओल शोषून फुगतो, तारा वर जातात, आवाज ओल्या पुठ्ठ्यासारखा होतो. गिटार हार्ड केसमध्ये ठेवा, केस खोलीच्या आतल्या भिंतीशी. बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, तिथे ओल सर्वांत जास्त. केसमध्ये छोटा हायग्रोमीटर (आर्द्रतामापक) ठेवा. तो खरं सांगतो का, ते आधी तपासा : बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते थोड्या पाण्याने चिखलासारखं भिजवा, झाकण आणि हायग्रोमीटर एका घट्ट बंद पिशवीत दहा-बारा तास ठेवा. आकडा ७५ यायला हवा. जो फरक येईल तो नेहमी वजा-अधिक करा.

केसमध्ये डोक्याजवळ आणि बॉडीच्या कमरेजवळ मिळून पाव किलो सिलिका जेल सुती पिशव्यांत ठेवा. नारिंगी दाण्यांचं घ्या, निळ्यात कोबाल्ट असतं. दाणे हिरवे पडले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास तापवा, ते पुन्हा कामाला येतात. दाणे लाकडाला थेट लागू देऊ नका. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसा, विशेषतः खर्जाच्या तीन. त्यांच्यावरचा तांब्याचा वेढा दमट हवेत काळा पडतो आणि आवाज मरतो. नुसत्या त्या तीन तारा बदलल्या तरी चालतं, बाकीच्या नायलॉनच्या बऱ्याच जास्त टिकतात.

तारा उंच झाल्या म्हणून जुलैत सॅडल घासू नका. जानेवारीत टॉप पुन्हा खाली बसेल आणि सगळ्या तारा खरखरतील. त्याऐवजी हाडाचं दुसरं सॅडल करून घ्या, पहिल्यापेक्षा अर्धा-पाऊण मिलिमीटर बुटकं. पावसात ते घाला, दसऱ्यानंतर मूळचं. तारा सैल केल्या की सॅडल खाचेतून हाताने निघतं, पाच मिनिटांचं काम. दोन्हींवर पेन्सिलने खूण करून ठेवा, पहिल्या तारेची बाजू कुठली तेही लिहा.

मुंबईहून आणताना गिटार रेल्वेत वरच्या फळीवर आडवी ठेवा, तारा सैल करायची गरज नाही. गाडीने येणार असाल तर डिकीत नको. उन्हात उभ्या गाडीची डिकी इतकी तापते की ब्रिजचा गोंद मऊ होतो. एसी डब्यातून आलात तर घरी पोचल्यावर केस लगेच उघडू नका, तासभर तशीच राहू द्या. थंड लाकडावर आपली दमट हवा बसली की थंड तांब्यावर सुटतं तसं पाणी सुटतं.